मदत हवी आहे : कॅन्ससच्या चेस काउंटीतल्या जुन्या दगडी इमारती, वडिलांना घेऊन एका दिवसात

आईबाबा साताऱ्याहून विचिटाला आलेत. बाबांचा जन्म दगडी बांधकामात गेला, त्यामुळे त्यांना काउंटीतल्या कॉटनवुड फॉल्स गावाचं १८७३ चं चुनखडी दगडाचं कोर्टहाउस दाखवायचंय. तिथला अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना फोटोत बोटांनी मोठा करून करून पाहतात आणि म्हणतात, "कठडा बघ, सांधा दिसतोय का कुठे?"

कोर्टहाउस, स्प्रिंग हिल रँचचं १८८१ चं घर आणि तीनमजली गोठा, लोअर फॉक्स क्रीकची एकखोली शाळा, क्लेमेंट्स गावाजवळचा दगडी कमानींचा पूल, एवढं ठरवलंय. पुलावर गाडी जात नाही, चालावं लागतं, हे माहीत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत या वास्तूंची नोंद व्हावी म्हणून केलेले अर्जही वाचले. त्यात दगड, छप्पर, मालकी सगळं आहे, पण नोंद झाली म्हणजे दार उघडं असतंच असं नाही, आणि माझी अडचण तीच. फोन केले, दोनदा व्हॉइसमेलवरच गेले.

बाबांचे गुडघे दुखतात. एक मजला चढतील, तीन नाही. शाळेच्या टेकडीवरही पायी नेणार नाही. गाडी आपली आहे, दिवस शुक्रवार किंवा शनिवार. आईला फक्त सावली आणि चहा हवा, थर्मास नेऊच.

इतक्यात कुणी गेलंय का? कोर्टहाउस शनिवारी आतून बघता येतं, की त्या जिन्यासाठी शुक्रवारीच निघावं? आणि शाळेच्या किती जवळ गाडी जाते?