सॅन स्टॉर्मच्या ११४९ सीसी इंजिनाला कोणता सुपरचार्जर? माझा कौल छोट्या रूट्सला

देवगिरीकर, छत्रपती संभाजीनगर

माझ्याकडे फायबर बॉडीची जुनी सॅन स्टॉर्म आहे. दोन आसने, उघडे छत आणि रेनोचे ११४९ सीसीचे, कागदावर ६० अश्वशक्तीचे इंजिन. गाडी दिसायला स्पोर्ट्‌स कार आहे, पण दौलताबादहून खुलताबादकडे घाट चढू लागली की मागचा टेम्पोही हॉर्न वाजवून वाट मागतो. दोन वर्षांपूर्वी इंजिन खोलून रिंगा, बेअरिंगे आणि हेड गॅस्केट नवे टाकले, त्यामुळे सुपरचार्जर (इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा पंप) बसवायचा हे आता ठरले आहे. कोणता, एवढाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते एवढ्या इंजिनाला आयसिनचा एएमआर ५०० हा छोटा रूट्स प्रकारचा (दोन रोटरांनी हवा ढकलणारा) ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, योग्य आहे.

हिशेब मांडतो. चार स्ट्रोकचे इंजिन क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात आपल्या क्षमतेच्या निम्मी हवा ओढते, म्हणजे येथे सुमारे ५७५ सीसी. तिच्या १.४ पट हवा द्यायची तर दर फेऱ्याला ८०५ सीसी लागतील. एएमआर ५०० एका फेऱ्यात ५०० सीसी हवा ढकलतो, म्हणून तो क्रँकच्या १.६१ पट वेगाने फिरवावा लागेल. क्रँकची पुली १३० मिमीची आहे, तेव्हा ब्लोअरची पुली ८१ मिमीची येते, आणि ती वाळूजचा कोणताही टर्नर अर्ध्या दिवसात करून देईल.

पुष्कळजण ईटनचा एम ४५ सुचवतात. तो जुन्या मिनी कूपर एसच्या १.६ लिटर इंजिनावर होता आणि दर फेऱ्याला सुमारे ७३७ सीसी हवा देतो. माझ्या गाडीत तो जवळजवळ क्रँकच्याच वेगाने फिरेल, आणि रोटरच्या फटींतून मागे येणारी हवा कमी वेगात प्रमाणाने जास्त असते. घागर भरायला मोट जोडण्यासारखे ते होईल.

सेंट्रिफ्यूगल (वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा फेकणारा) प्रकार मी वेगळ्या कारणाने नाकारला. त्याचा बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५५०० फेऱ्यांवर ०.४ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब) मिळाला, तर २७५० वर जेमतेम ०.१ बार मिळेल. घाटात माझे इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये अडीच ते साडेतीन हजारांच्या दरम्यान असते, आणि जोर मला तेथेच हवा आहे.

लातूरकर

देवगिरीकर, आपला हिशेब हवेच्या आकारमानाचा आहे, वजनाचा नाही, आणि मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्याकडून ही चूक होऊ नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो आणि बॉनेटखाली त्याहून अधिक. ४२ अंशांची हवा १.४ पट दाबली, तर कोणतीही तूट न धरताही ती सुमारे ३२ अंशांनी तापते. रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर ही वाढ ५८ अंशांवर जाते, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी १०० अंशांची हवा पोहोचते. चांगल्या सेंट्रिफ्यूगलची कार्यक्षमता ७० टक्के धरा, तर तीच हवा ८७-८८ अंशांवर थांबते. हा फरक किरकोळ नाही. नॉकिंग (इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनाला बसणारे ठोके) सुरू होणार की नाही, ते याच दहा-बारा अंशांवर ठरते.

रूट्सची मूळ अडचण तिच्या रचनेतच आहे. रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेले ते यंत्र हवा ढकलण्यासाठी होते, दाबण्यासाठी नव्हते. त्याच्या आत हवा दाबली जातच नाही, ती बाहेरच्या नळीत साचून दाबली जाते आणि उगाच तापते. रोट्रेक्स सी १५ सारखा छोटा सेंट्रिफ्यूगल घेतला, तर हवा आतच दाबली जाते आणि कमी वेगात पट्ट्यावरचा भारही नगण्य राहतो. त्याला स्वतःचे वेगळे तेल आणि त्या तेलाचा कूलर लागतो हे मान्य. आणि आपण काय रोज घाटच चढणार आहात? समृद्धीवर १२० च्या मर्यादेत चौथ्या-पाचव्या गिअरला हळूहळू चढणारा जोर या नाजूक गिअरबॉक्सलाही मानवेल.

वाळूजचा फिटर

दोघांचेही हिशेब वाचले. लातूरकरांचे उष्णतेचे म्हणणे बरोबर आहे, पण औषध चुकीचे सांगितले आहे. सेंट्रिफ्यूगलचा सगळा बूस्ट जेथे येतो, म्हणजे पाच हजारांच्या वर, तेथेच इंजिनावर सर्वाधिक ताण असतो. रूट्सचा बूस्ट दोन हजारांपासून सपाट असल्यामुळे कमाल दाब कमी ठेवूनही गाडी चालवताना तो जाणवतो.

माझा अनुभव सांगतो. दुसऱ्या एका गॅरेजने १.३ लिटरच्या इंजिनावर सेंट्रिफ्यूगल बसवून दिलेली गाडी महिनाभरात माझ्याकडे आली. मालकाची तक्रार एवढीच होती की ‘पिकअप गेला’. प्लग काढून उजेडात धरला, तर चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे-चंदेरी कण चिकटलेले होते. ते चंदेरी कण म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम. इग्निशन जुनेच ठेवलेले, इंजेक्टर जुनेच ठेवलेले. ब्लोअर मात्र नवा.

सुपरचार्जर निवडताना लोक आधी ब्लोअर पाहतात. आधी कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) पाहावा. साध्या मिनी कूपरचा रेशो १०.६ होता, तर सुपरचार्जरवाल्या कूपर एसचा कंपनीने ८.३ वर आणला. टोयोटाने १९८६ साली एमआर २ मध्ये ४ए-जीझेडई इंजिन दिले, तेव्हा ८.० ठेवला. आपण पिस्टन न बदलता मूळ रेशोवरच बसवणार आहात, तेव्हा ०.४ बार विसरा. ०.२ ते ०.२५ बारवर थांबा, इग्निशन मागे घ्या (ठिणगी थोडी उशिरा पडू द्या) आणि इंजेक्टर मोठे घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. आपल्याच उसातून निघालेला तो इथेनॉल बाष्प होताना हवा थंड करतो आणि नॉकिंगला आवर घालतो खरा, पण इंधन जास्त मागतो, आणि जुने इंजेक्टर वरच्या फेऱ्यांत ते पुरवू शकत नाहीत.

जादा हवा परत वळवणारा बायपास व्हॉल्व्ह विसरू नका. तो नसेल तर ॲक्सिलरेटर सोडल्यावरही ब्लोअर हवा घुसळत आणि तापवत राहतो.

जालना रोड

तांत्रिक बाजूत मी पडत नाही, पण मूळ निर्णयालाच माझा विरोध आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कसोशीने लावले. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक बॉनेट उघडून पहिल्यांदा तो ब्लोअरच पाहील. ब्रेक मात्र तेच ६० अश्वशक्तीचे राहणार आहेत. गाडी हळू जाते म्हणून ती आजवर टिकली, हेही ध्यानात घ्या.

लातूरकर

फिटरदादांनी दाखवलेला प्लग हा ट्यूनिंगच्या हलगर्जीपणाचा पुरावा आहे, सेंट्रिफ्यूगलच्या दोषाचा नाही. त्याच गॅरेजने रूट्स बसवला असता तर पिस्टन महिन्याऐवजी आठवड्यात गेला असता, एवढेच. बूस्ट ०.२ बारवर आणायचाच असेल, तर उष्णतेतला फरक कमी होतो हे मला मान्य आहे. पण मग एवढा खटाटोप कशासाठी? शहराची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आणि हवा ४२ अंशांची, म्हणजे आपले ६० अश्वशक्तीचे इंजिन मे महिन्यात ५२ च्या आसपासच देत असणार. ०.२ बारने ही तूट भरून वर थोडेसे उरेल.

देवगिरीकर

लातूरकर, ती तूट भरून थोडेसे वर उरावे, एवढीच माझी अपेक्षा होती. मी ती १.४ च्या आकड्यात फुगवून मांडली, हे फिटरदादांच्या प्लगमुळे लक्षात आले.

जालना रोड यांचा कायद्याचा मुद्दा मी टाळत नाही. आरटीओत लेखी विचारणा केल्याशिवाय ब्लोअरचा पट्टा जोडणार नाही. तोपर्यंत ब्रॅकेट, पुली आणि पुढचे ब्रेक एवढेच काम चालेल.

ब्लोअर एएमआर ५०० च राहील. पुली मात्र ८१ ऐवजी ९२ मिमीची करतो आहे, म्हणजे प्रमाण १.४१ येईल आणि हवा मूळच्या सव्वापटीपेक्षा किंचित कमीच जाईल. धुळीचा विचार करून फिल्टर बॉनेटखाली न ठेवता पुढच्या जाळीमागे घेतो. दाबलेली हवा थंड करणारा पाण्याचा इंटरकूलर बसवायला जागा आहे, पण त्याचा छोटा रेडिएटर मूळ रेडिएटरच्या पुढे आला तर उन्हाळ्यात इंजिनच तापेल, ही भीती आहे. फिटरदादा, तो डाव्या चाकाच्या पुढच्या पोकळीत बसवला तर हवा पुरेल का?

वाळूजचा फिटर

पुरेल, पण मागे पंखा लावा आणि समोर जाळी ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात काळ्या मातीचा लेप बसेल. पुली ९२ चीच करा, पण सहा खाचांच्या पट्ट्याची. पट्टा पुलीला निम्म्याहून जास्त वेढेल अशी आयडलर (पट्टा वळवणारी मोकळी पुली) बसवा. ८१ ची पुली आत्ता करूनच घेऊ नका; हाताशी असली की एखाद्या रविवारी बसवलीच जाते.