स्फटिकीकरण की स्फटिकीभवन?

प्रश्न : पॉलिमरची फिल्म ताणताना तिच्यात स्फटिक कसे तयार होतात, यावरील एका संशोधनाचा सारांश मी मराठीत लिहीत आहे. क्रिस्टलायझेशनला सर्रास ‘स्फटिकीकरण’ म्हटले जाते. मात्र जे आपसूक घडते त्याला हा शब्द शोभतो का? शिवाय फिल्म ‘ताणणे’ म्हणावे की ‘खेचणे’?

उत्तर : ‘करण’ म्हटले की करणारा कोणीतरी आला, ‘भवन’ म्हटले की घटना आपली आपण घडते. तळ्यातल्या पाण्याचे बाष्पीभवन होते, ते कोणी करत नाही. घरातही आपण मध साखरला, तूप रवाळ झाले असेच म्हणतो. तूप सावकाश थिजले तर रवा मोठा पडतो. वितळलेल्या पॉलिप्रॉपिलीनचेही तसेच आहे : हळूहळू निवले तर मोठे गोलस्फटिक वाढून ते दुधी दिसते, झटकन निववले तर बरेच पारदर्शक राहते. म्हणून मूळ घटनेला मी स्फटिकीभवनच म्हणेन.

तरीही ‘स्फटिकीकरण’ मोडीत काढू नये. पॉलिएस्टरचा रस झटकन थंड करून केलेला पत्रा अस्फटिकी आणि काचेसारखा स्वच्छ असतो. तो ९०-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास ताणला की विस्कटलेल्या साखळ्या (पॉलिमरचे लांबलचक रेणू) ताणाच्या दिशेने सरळ होतात, एकमेकींशेजारी लागतात आणि तिथेच स्फटिक धरतात. माणसाने इथे केले ते ताणण्याचे काम, स्फटिक त्याच्या ओघात आले, म्हणून हे ‘ताणजन्य स्फटिकीभवन’. पुढे तीच फिल्म कडांना घट्ट धरून २०० अंशांच्या वर तापवतात, ती स्फटिकता वाढावी आणि फिल्म नंतर आकसू नये, याच हेतूने. तिथे मात्र स्फटिकीकरण हा शब्द नेमका बसतो.

‘खेचणे’ मला पटत नाही. गाडी खेचली की ती जागची हलते. ताणायला दोन टोके धरावी लागतात. दुधाच्या रिकाम्या पिशवीची पट्टी कापून दोन्ही हातांनी सावकाश ताणून पाहावी : एका जागी ती एकाएकी कंबरेसारखी बारीक होते, मग तो बारीक भाग दोन्हीकडे सरकत उरलेली पट्टी आपल्यात ओढून घेतो आणि सोडल्यावरही पट्टी पूर्ववत होत नाही. ‘ताण’ हे नाम मात्र बलासाठी राखावे आणि क्रियेला ‘ताणणे’ असेच लिहावे.

जाता जाता, लॅमेलासाठी, म्हणजे पॉलिमरच्या पातळ पत्र्यासारख्या स्फटिकासाठी, ‘पापुद्रा’ घ्यावा, कारण ‘पटल’ हा शब्द फिल्मसाठी वापरात आहे. ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली पॉलिएथिलीनचे सुटे स्फटिक तपासले, तेव्हा पापुद्रा जेमतेम १० नॅनोमीटर जाड आणि साखळ्या त्याला काटकोनात उभ्या आढळल्या. साखळी त्या जाडीच्या कितीतरी पट लांब, म्हणजे ती पुन्हा पुन्हा दुमडलेलीच असणार. त्या दुमडीला ‘घडी’ याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

पुरवणी प्रश्न : पॉलिप्रॉपिलीनची फिल्म आधी लांबीत सुमारे पाचपट, मग रुंदीत आठ-नऊपट ताणतात. या दोन दिशांना विणकरांचे ताणा-बाणा म्हणता येईल का?

उत्तर : शब्द फार देखणे आहेत, पण इथे फसवे ठरतील. मागावर ताण्याचे सूत वेगळे आणि बाण्याचे वेगळे असते, इथे आधी लांबीत सरळ झालेल्या त्याच साखळ्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्या ताणण्यात आडव्या वळतात. ‘उभे ताणणे’ आणि ‘आडवे ताणणे’ पुरेसे आहे.