मदत हवी आहे: कनेक्टरमधून टर्मिनल मागे सरकतंय, लॅन्स जाड करू का?

धागाकर्ता: सहापोली

नमस्कार मंडळी. सहा पोलच्या एका वायर-टू-वायर कनेक्टरवर काम चालू आहे आणि टर्मिनल अडकवण्याच्या जागी गाडी अडली आहे.

फीमेल टर्मिनल (वायरच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा) १.५ मिमी टॅबचं (टॅब म्हणजे समोरून त्यात शिरणारी पाती), वायर ०.५ आणि ०.७५ चौरस मिमी. टर्मिनल बाजारातलं तयार आहे, त्यात काही बदलता येणार नाही. त्याला स्वतःची पत्र्याची लॅन्स (अडकवणारी लवचिक जीभ) नाही, बॉक्सच्या (टर्मिनलच्या पुढच्या चौकोनी भागाच्या) मागच्या कडेला धरूनच अडकवायचं. म्हणजे सगळी मदार हाउसिंगमधल्या प्लास्टिकच्या लॅन्सवर.

लॅन्सची लांबी ४.५ मिमी, जाडी मुळापासून टोकापर्यंत १.०, पकड (टोकाचं नाक कडेमागे जितकं अडकतं ते) ०.५. टर्मिनल आत जाताना लॅन्स ०.६ च्या आसपास खाली दबते. तिच्याखाली ०.९ मोकळी जागा आहे आणि त्या जागेत समोरून टीपीए (टर्मिनल बसल्यावर लावायचा दुसरा लॉक) शिरतो. टीपीएची पट्टी ०.३५ जाड. मटेरियल पीबीटी प्लास्टिक, ३० टक्के ग्लास (काचतंतू).

अडचण अशी की पुल टेस्टचे आकडे कमालीचे विखुरलेत. काही टर्मिनल इतकी घट्ट बसतात की वायरच क्रिंपमधून (टर्मिनल वायरवर दाबून केलेल्या जोडातून) निघून येते. काही हाताने ओढली तरी बाहेर. कनेक्टर जोडताना समोरच्या टॅबने टर्मिनल मागे ढकललं गेल्याचेही प्रकार झालेत. वर कहर म्हणजे टर्मिनल अर्धवट बसलेलं असतानाही टीपीए गुमान बंद होतो.

लॅन्स १.० ऐवजी १.३ करावी असा सध्या विचार आहे. मोल्ड तयार आहे, बाहेरचा आकार आणि पिच (दोन टर्मिनलमधलं अंतर) हलणार नाही. कोअर पिना (आतली पोकळी घडवणाऱ्या मोल्डच्या पिना) नव्या करता येतील आणि आत लांबीलाही थोडी जागा आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

निवांत

ग्लास वाढवा. ३० चं ४० करा, कडक होईल.

मोल्डमास्तर

वरचा सल्ला कृपया ऐकू नका.

सहापोली, आधी एक सांगा. टर्मिनल निघालं त्या हाउसिंगमधली लॅन्स नेमकी कशी दिसते? मुळाशी तडकलेली, टोकाला तासली गेलेली, की धडधाकट? या तीन गोष्टींची कारणं तीन आहेत, आणि नुसत्या न्यूटनच्या आकड्यावरून कुठली ते कळत नाही. शिवाय कुठल्या कॅव्हिटीत (टर्मिनलच्या कप्प्यात) जास्त होतंय तेही बघा.

सहापोली

हाउसिंग उभी कापून भिंगाखाली पाहिली. ५ आणि ६ नंबरच्या कॅव्हिटीत लॅन्स मुळाशी तडकलेली आहे, तडा वरच्या, म्हणजे टर्मिनलकडच्या बाजूला. बाकी ठिकाणी जिथे टर्मिनल निघालं तिथे लॅन्स शाबूत, फक्त नाकाच्या कडेवर चकाकी आल्यासारखं दिसतं. गेट (मोल्डमध्ये प्लास्टिक शिरतं ती जागा) १ नंबरच्या बाजूला आहे.

मोल्डमास्तर

मग तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकाच टेस्टमध्ये मिसळलेत. आकडे विखुरणारच.

पहिला दोष, मुळाशी तडा. लॅन्स ही एका टोकाला धरलेली तुळई. ती वाकताना मुळाशी येणारा स्ट्रेन (मटेरियल किती टक्के ताणलं जातं ते) म्हणजे ३ गुणिले जाडी गुणिले दाब (टोक जितकं खाली जातं ते), भागिले २ गुणिले लांबीचा वर्ग. तुमची मापं घातली तर ३ × १.० × ०.६ = १.८, भागिले २ × २०.२५ = ४०.५. उत्तर सुमारे ४.४ टक्के. मागची भिंत थोडी नमते, म्हणून प्रत्यक्षात याहून काहीसा कमी येईल, पण ३० टक्के ग्लासचं पीबीटी साधारण अडीच टक्क्यांच्या आसपासच तुटतं. म्हणजे लॅन्सचं नुकसान ओढताना होत नाही, टर्मिनल आत घालतानाच होतं. खात्री करायची असेल तर टर्मिनल घाला, अजिबात ओढू नका आणि लगेच कापून मुळाशी बघा.

आता १.३ जाडी घालून बघा: ५.८ टक्के. जाडी वाढवली की स्ट्रेन वाढतो. लांबी मात्र वर्गात असल्यामुळे थोडी वाढवली तरी फरक मोठा पडतो. लांबी ६, जाडी ०.८, दाब ०.५ केला तर १.७ टक्क्यांपर्यंत खाली येता. त्यात जाडी टोकाकडे निमुळती करत निम्म्यावर आणली तर तेवढ्याच स्ट्रेनमध्ये लॅन्स सुमारे ६० टक्के जास्त वाकू शकते. मुळाशी धारदार कोपरा असेल तर तिथे जाडीच्या निम्मी त्रिज्या द्या. त्याहून फार मोठी देऊन विशेष लाभ नाही, उगाच मुळाशी मटेरियल साठतं.

५ आणि ६ चं कारण बहुधा वेल्ड लाइन. गेटपासून सगळ्यात लांब, कोअर पिनेला वळसा घालून आलेले दोन प्रवाह तिथे थंडावलेले भेटतात, आणि ग्लास भरलेल्या मटेरियलमध्ये त्या रेषेची ताकद बरीच कमी होते, कारण तंतू रेषेच्या पलीकडे जात नाहीत. ही रेषा लॅन्सच्या मुळावर पडली की संपलं. म्हणूनच ४० टक्के ग्लासचं नाव काढू नका. प्लास्टिकच्या लॅन्सला मुळात ग्लास नसलेलं पीबीटी किंवा अगदी कमी ग्लासचं हवं. पीए६६ (नायलॉन) घ्यायचं म्हटलं तर मोल्डमधून नुकतं निघालेलं कोरडं हाउसिंग ठिसूळ असतं आणि तेच ओलावा प्यायल्यावर मऊ पडतं. दोन्ही अवस्थांत टेस्ट करावी लागेल. माझं मत विचाराल तर पीबीटीच ठेवा, ग्लास काढा.

दुसऱ्या दोषावर रात्री लिहितो, लाइनवर बोलावणं आलंय.

तांबेतार

मास्तर येईपर्यंत क्रिंपकडचं सांगून टाकते, कारण डिझाइनवाले तिकडे सहसा बघत नाहीत.

क्रिंप केल्यावर टर्मिनल केळ्यासारखं वाकलं तर बॉक्सची मागची कड लॅन्सपासून वर उचलली जाते. इन्सुलेशनचा क्रिंप ठरलेल्या मापापेक्षा रुंद किंवा उंच झाला तर टर्मिनल शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी मागेच अडकतं आणि क्लिक येतच नाही. घालणाऱ्याला वाटतं बसलं. पुल टेस्टच्या आधी प्रत्येक टर्मिनल पूर्ण आत गेलंय का ते समोरून खोली मोजून तपासा, नाहीतर न बसलेलं टर्मिनल आणि सुटलेलं टर्मिनल एकाच रकान्यात जाईल.

आणि जिथे वायर क्रिंपमधून निघाली ते आकडे लॅन्सच्या हिशोबात धरू नका. तो क्रिंपचा आकडा आहे. लॅन्स तपासताना वायरऐवजी टर्मिनलला पक्की जोडलेली तार वापरतात किंवा समोरून पिनेने टर्मिनल मागे ढकलतात.

सहापोली

समोरून ढकलण्याची पद्धत उत्तम, आमच्याकडे फिक्स्चरही आहे. क्रिंपच्या वाकाचं तपासतो. मास्तरांची वाट बघतोय.

मोल्डमास्तर

आलो. दुसरा दोष म्हणजे लॅन्स शाबूत पण टर्मिनल बाहेर.

तुमची लॅन्स मागून निघून पुढे टोक काढते, म्हणजे वायर ओढली की लॅन्स दाबली जाते. अशा वेळी दोन गोष्टी बघायच्या. बॉक्सची कड जिथे टेकते तो बिंदू लॅन्सच्या मुळाच्या मध्यरेषेपेक्षा टर्मिनलच्या बाजूला हवा. तसा असेल तर ओढताना टोक टर्मिनलकडेच वळतं आणि पकड आणखी घट्ट होते. उलट असेल तर जितकं ओढाल तितकी लॅन्स खाली पळते.

दुसरी गोष्ट, नाकाच्या समोरच्या तोंडाचा कोन. ते तोंड सरळ ९० अंशात हवं, किंवा वरची कड दोनतीन अंश पुढे झुकलेली, म्हणजे आकड्यासारखी. टूलरूमवाले सवयीने तिथे ड्राफ्ट (साच्यातून सुटण्यासाठीचा उतार) देतात आणि तोही नेमका उलट्या बाजूला, मग ते तोंड घसरगुंडी होतं. तिथे ड्राफ्टची गरजच नाही. ते तोंड पुढच्या कोअरच्या टोकाने घडतं आणि कोअर त्याच दिशेने सरळ बाहेर निघते. आकड्याचा कोनही तसाच निघतो, स्लाइड (साच्याचा आडवा सरकणारा भाग) लागत नाही.

चकाकी आलीय म्हणालात, त्यावरून मला कडेच्या गोलाईची शंका आहे. ड्रॉइंगवर 'सर्व कडा आर ०.२' (म्हणजे ०.२ त्रिज्येची गोलाई) अशी सरसकट टीप आहे का? ०.५ च्या पकडीत ०.२ गोलाईत गेले. टर्मिनल कॅव्हिटीत वर खाली ०.१५ खेळत असेल तर तेही वजा. हातात उरले ०.१५. एवढ्यावर काय धरणार? नाकाच्या त्या कडेवर मागची आणि पुढची कोअर एकमेकींना टेकतात, तिथली शटऑफ (टेकण्याची जागा) झिजली असेल तर फ्लॅशही (फटीतून निघालेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) येतो.

हे सगळं अंदाजाने ठरवू नका. टर्मिनल घातलेलं हाउसिंग पारदर्शक रेझिनमध्ये ओता, घट्ट झाल्यावर मधोमध कापा, पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली पकड मोजा. तुम्ही आधी जे कापलंत त्यात कापतानाच टर्मिनल हललं असणार. रेझिनमध्ये ते जागच्या जागी राहतं.

सहापोली

टीप आहे ड्रॉइंगवर, अगदी याच शब्दांत. रेझिनचा सेक्शन करतो. आणि टीपीए? तो अर्धवट टर्मिनलवर बंद का होतो?

तांबेतार

तो तर तुमच्याच आकड्यांत दिसतोय. खाली जागा ०.९. टर्मिनल अर्धवट असताना लॅन्स ०.६ खाली दबलेली, म्हणजे उरले ०.३. पट्टी ०.३५. अडवायला फक्त ०.०५ आणि तेही वाकणाऱ्या टोकाविरुद्ध! टोकाला उतार दिला असेल तर पट्टी सरळ आत घुसते. पट्टी ०.७५ ते ०.८ करा. मग अर्धवट टर्मिनल असताना ती शिरूच शकणार नाही.

आणि तिचं दुसरं काम जास्त मोलाचं. टीपीए बंद झाल्यावर लॅन्सखाली ०.१ ते ०.१५ च जागा उरते, पकड मात्र त्याहून बरीच जास्त. लॅन्सला सुटायला खाली जायचं असतं, जागाच नाही तर जाणार कुठे. तुमच्या आत्ताच्या पट्टीवर ०.५५ मोकळे राहतात, म्हणजे टीपीए बंद असूनही लॅन्स टर्मिनल सुटेपर्यंत दबू शकते. तो टीपीए नुसता शोभेचा आहे.

आडवा_प्रश्न

मधेच विचारतो. लॅन्सच मोडली असेल तर ही पट्टी काय कामाची?

मोल्डमास्तर

बरोबर मुद्दा. लॅन्सला टेकू देणारा टीपीए हा पहिल्या लॉकची ताकद वाढवतो, स्वतः टर्मिनलला हात लावत नाही. लॅन्स मुळातून गेली की तोही गेला. याला पर्याय म्हणजे बाजूने किंवा खालून येऊन बॉक्सच्या मागे स्वतंत्रपणे टेकणारा लॉक. तो जास्त भरवशाचा, पण हाउसिंगला खिडकी पाडावी लागते आणि पिच वाढतो. सहापोलींचा पिच हलत नाही, म्हणून लॅन्स न मोडणं हेच पहिलं काम.

यूएसकार-२ (गाड्यांच्या कनेक्टरचं अमेरिकी मानक) मध्ये टर्मिनलच्या आकारानुसार ओढण्याचा जोर दोनदा मागतात, एकदा नुसत्या लॅन्सवर आणि एकदा टीपीए बंद करून. तुम्हीही दोन्ही वेगळे नोंदवा. टीपीए लावून आकडा फारसा वाढला नाही तर पट्टी टेकतच नाही असं समजा.

सहापोली

रेझिनचा सेक्शन झाला. प्रत्यक्ष पकड ०.१८ ते ०.३ च्या दरम्यान आहे, आणि तोंडाला खरोखरच उलटा ड्राफ्ट निघाला. न ओढलेल्या हाउसिंगमध्येही ५ आणि ६ ला मुळाशी केसासारखा तडा आहे.

लॅन्स लांब आणि निमुळती करतोय, कड धारदार, तोंड २ अंश आकड्यासारखं, टीपीए पट्टी ०.७५, मटेरियल बिनग्लासचं पीबीटी. एक शंका: ०.८ जाडीची लॅन्स बिनग्लासच्या मटेरियलमध्ये दाबाखाली मुडपणार नाही ना? आणि मोल्ड एकदा कापल्यावर मागे जाता येत नाही, तर सुरुवात कुठून करू?

मोल्डमास्तर

मुडपायची भीती आहेच, म्हणून तर टीपीएची पट्टी लॅन्सच्या नाकाखालीच न थांबता मधल्या भागापर्यंत न्या. आणि ०.८ मुळाशी ठेवा, ०.४ टोकाला. नाक स्वतः जाड राहू द्या, निमुळतेपणा फक्त मधल्या पट्टीत.

सुरुवात बारीक बाजूने करा. स्टील कापलं की प्लास्टिक वाढतं, स्टील परत चिकटवायचं म्हणजे वेल्डिंग किंवा नवी पिन. म्हणून लॅन्स आधी ०.७ आणि पकड ०.४ धरून पिना बनवा, पहिल्या शॉटमध्ये (मोल्डमधून निघालेल्या पहिल्या नमुन्यांत) घालण्याचा जोर आणि ओढण्याचा जोर दोन्ही मोजा, मग लागेल तेवढं कापत न्या. घालण्याचा जोर विसरू नका, ०.५ ची वायर फार दाबली की हातातच दुमडते.

मटेरियल बदलल्यावर आकुंचनही बदलणार. ग्लास गेल्याने हाउसिंग जास्त आकसेल, म्हणून टीपीएच्या खाचेचं माप नव्या मटेरियलच्या शॉटवर घेतल्याशिवाय पट्टी फायनल करू नका.