बहावा, गुलमोहर, मोगरा: फुलोरा ओळखायचा कशावरून?

गच्चीबाग:
लेक अकरावीत आहे. फुलोऱ्यांच्या आकृत्या तिला तोंडपाठ, पण झाडाखाली उभं राहिलं की आम्ही दोघीही अडकतो. बहावा लोंबतो, गुलमोहर पसरतो, मोगऱ्याला तीन-तीन कळ्या. नेमकं बघायचं काय?

मोगरेवाला, विक्रमगड:
ताई, आकार नंतर. आधी कुठलं फूल पहिलं उमललंय ते बघा. आमची मोगऱ्याची बाग आहे. पहाटे तोडणीला गेलं की तीन कळ्यांतली मधली पांढरी, टपोरी झालेली असते, तेवढीच खुडायची. बाजूच्या दोन अजून हिरवट असतात, त्या पुढच्या तोडणीला. दांडीच्या शेंड्याचीच कळी झाली की दांडीची वाढ तिथेच संपते, पुढची फुलं बाजूनं येतात. हा कुंठित फुलोरा.

बहाव्याचा घोस खाली लोंबतो, म्हणून फसायला होतं. फांदीकडची फुलं आधी उमलतात, खाली टोकाला बारीक कळ्या असतात. शेंडा वाढता राहतो, म्हणून अकुंठित. गुलमोहरही अकुंठितच, फक्त खालच्या फुलांचे देठ लांब आणि वरच्यांचे आखूड, त्यामुळे सगळी फुलं साधारण एका पातळीत येतात. बडीशेपेत देठ एकाच जागेवरून फुटतात, छत्रीच्या काड्यांसारखे.

रानभटकी:
झेंडूही दाखवा तिला. एक ‘पाकळी’ बुडापासून उपटायची. खाली बारीक, लांबट भाग दिसेल, तो बीजकोश. म्हणजे ती पाकळी नव्हे, अख्खं फूल! सूर्यफुलात मधल्या तबकडीतली फुलं कडेकडून आत उमलत जातात, ते बघायला फार सुंदर.

गच्चीबाग:
दोघांचे मनापासून आभार. दारातल्या तुळशीचं काय? मंजिरी खालून वर फुलते, मग अकुंठित?

मोगरेवाला, विक्रमगड:
दांडीपुरतं बरोबर. पण मंजिरीवर थोड्या थोड्या अंतरानं फुलांची कडी असतात. एका कड्यात साधारण सहा फुलं, समोरासमोर तीन-तीन, आणि प्रत्येक तिघांत मधलं आधी उमलतं, आमच्या मोगऱ्यासारखंच. दांडी अकुंठित, कडी कुंठित. परीक्षेत याला व्हर्टिसिलास्टर लिहायचं. फुलं फार बारीक असतात, भिंग घेऊन बसा आणि वरची, नुकती उमलू लागलेली कडी आधी बघा. खालच्या कड्यांत बी धरलेलं असतं, तिथे क्रम कळत नाही.