शब्दचर्चा: ‘गुन्ह्याची कबुली’, ‘स्वसंरक्षण’ आणि ‘बचाव’

उपसंपादक:
कोर्टाच्या बातम्यांत एक वाक्य वारंवार येतं: ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असून स्वसंरक्षणार्थ वार केल्याचे सांगितले.’ मला ते खटकतं. जीव वाचवायला मारलं असं माणूस म्हणत असेल, तर त्यानं गुन्हा कबूल केला की नाकारला? ‘कबुली’ऐवजी काय लिहावं? शिवाय ‘बचाव’ या शब्दालाच जरा संशयाचा वास येतो. बचाव करायची वेळ आली म्हणजे काहीतरी केलेलं असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं.

फौजदारी वकील:
तुम्हाला खटकतं ते योग्यच आहे. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याला खोडून काढतो. आरोपीनं कबूल केली ती कृती, गुन्हा नव्हे. भारतीय न्याय संहितेचं तिसरं प्रकरण (कलम १४ ते ४४) ‘सर्वसाधारण अपवादां’चं आहे, जुन्या दंड संहितेत ती कलमं ७६ ते १०६ होती. त्यातल्या बहुतेक कलमांचा साचा ‘अमुक परिस्थितीत केलेली कोणतीही गोष्ट अपराध नाही’ असा आहे. गुन्हा घडला पण माफ केला, असं तिथं म्हटलेलं नाही. गुन्हा घडलाच नाही, असं म्हटलंय.

हा मुद्दा जुनाच आहे. पाकला नारायण स्वामी खटल्यात १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयानं सांगितलं, की जे निवेदन खरं मानलं तर गुन्हाच उरत नाही, त्याला कबुलीजबाब म्हणता येत नाही. तेव्हा असं लिहा: ‘वार केल्याचे मान्य करून, ते जीव वाचवण्यासाठी केले असा बचाव आरोपीने घेतला.’

आणि ही ‘कबुली’ पोलीस ठाण्यातली असेल तर आणखी जपून. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ तसं सांगायचं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं २३ सांगतं. त्यामुळे ‘आरोपीने कबुली दिली’ यापेक्षा ‘कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा आहे’ हे अचूक.

निवृत्त मराठी शिक्षक:
वकीलसाहेबांच्या वाक्यातलं क्रियापद पाहा. बचाव ‘घेतला’. एरवी आपण बचाव ‘करतो’. कोर्टात हे दोन वेगळे प्रयोग आहेत का?

फौजदारी वकील:
हो सर, आमच्या बोलण्यात ते आपोआप वेगळे होतात. आरोपी बचाव घेतो, म्हणजे एक ठरावीक भूमिका घेतो. वकील त्याचा बचाव करतो. ‘बचाव मांडला’ हेही चालतं. आणि दिवाणी दाव्यात प्रतिवादी उत्तर देतो ती ‘कैफियत’. फौजदारी बातमीत आरोपीला ‘प्रतिवादी’ म्हटलेलं पाहिलं की माझा चहा गार होतो.

वासाचं म्हणाल तर तो शब्दाला नाही, आपल्या मनाला आहे. ‘बचावकार्य’ म्हणताना कुणाला संशय येत नाही.

कथालेखिका:
मग ‘स्वसंरक्षण’ आणि ‘खासगी बचाव’ यांत काय फरक? माझ्या कथेत एक बाई शेजारच्या मुलीला वाचवताना हल्लेखोराच्या डोक्यात मुसळ घालते. तिला स्वसंरक्षण म्हणता येईल?

फौजदारी वकील:
कथेतल्या पात्रांनी खुशाल म्हणावं, पण कायद्याच्या दृष्टीनं तो शब्द तोकडा पडतो. त्यात ‘स्व’ आहे आणि तुमची बाई स्वतःला वाचवत नाहीये. न्याय संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण त्यात येतं आणि चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची नासधूस), अतिक्रमण अशा गुन्ह्यांपासून मालमत्तेचं रक्षणही येतं, मग ती मालमत्ता स्वतःची असो वा दुसऱ्याची. म्हणून ‘खासगी बचावाचा हक्क’. ‘खासगी’ हा शब्द कानाला विचित्र लागतो खरा, पण त्याचं काम नेमकं आहे. रक्षण करणं हे एरवी सरकारचं काम. ते पोचेपर्यंत सामान्य माणसानं केलेलं रक्षण ते खासगी.

त्यातूनच त्याच्या मर्यादा निघतात. पोलिसांकडे जायला पुरेसा वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर पळत सुटल्यावर पाठलाग करून मुसळ घातलं, तर बाई अडचणीत येईल. जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी पोचतो ते कलम ३८ सांगतं: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराचा किंवा अपहरणाचा हेतू, ॲसिड हल्ला वगैरे. ‘वाजवी भीती’ हे शब्द महत्त्वाचे. प्रत्यक्ष जखम व्हायची वाट पाहायची नसते.

अजून एक गंमत तुमच्या कथेला उपयोगी पडेल. हल्लेखोर मनोविकल असेल तर त्याची कृती अपराध ठरत नाही. तरी त्याच्यापासून वाचण्याचा हक्क तुम्हाला तेवढाच असतो (कलम ३६). म्हणजे मार खाणाराही निर्दोष आणि मारणारीही!

आणि सद्भावनेनं बचाव करताना हद्द ओलांडली, माणूस मेला, तर? सूडाचा हेतू नसेल, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा बेत नसेल, तर तो ‘खून’ न राहता ‘सदोष मनुष्यवध’ होतो. इथं शिक्षा कमी होते, सुटका होत नाही. हे दोन शब्द बातमीत एकमेकांच्या जागी टाकू नयेत.

कायद्याचा विद्यार्थी:
‘अचानक आणि गंभीर प्रक्षोभ’ पण त्याच खणात येतो ना? नौदल अधिकारी नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, त्या प्रकरणात तोच बचाव होता.

फौजदारी वकील:
तोही होता. मुख्य म्हणणं झटापटीत अपघातानं गोळ्या सुटल्या असं होतं. प्रक्षोभाचा मुद्दा त्याच्या जोडीनं. १९५९ सालची मुंबईतली घटना. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘दोषी नाही’ म्हटलं, उच्च न्यायालयानं ते फिरवलं आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं खुनाची शिक्षा कायम केली. घरातून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. मधल्या वेळात त्यांनी जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. डोकं ताळ्यावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाचं मत पडलं. तेव्हा ‘अचानक’ हा शब्द शोभेचा नाही, निम्मा खटला त्याच्यावर लढला जातो. ‘रागाच्या भरात’ या आपल्या नेहमीच्या शब्दप्रयोगात राग येतो, पण घड्याळ येत नाही.

निवृत्त मराठी शिक्षक:
मग ‘दारूच्या नशेत होतो’ हा बचाव की सबब?

फौजदारी वकील:
स्वतःहून प्यायला असेल तर सबब. नकळत किंवा इच्छेविरुद्ध पाजली असेल आणि आपण काय करतोय हे कळण्याची शक्तीच उरली नसेल, तर बचाव (कलम २३). मराठीत हा भेद करणारे दोन शब्द आधीच आहेत, ते वापरायला हवेत.

कथालेखिका:
आणि ‘वेडाचं सोंग’?

फौजदारी वकील:
त्याचा निकाल डॉक्टरच्या कागदावर लागत नाही. नेमक्या त्या घटकेला कृतीचं स्वरूप कळत होतं का, किंवा ती चुकीची अथवा बेकायदा आहे हे समजत होतं का, एवढंच पाहिलं जातं. म्हणून ‘मनोरुग्ण’ हा वैद्यकीय शब्द तिथं अपुरा पडतो. ‘मनोविकलतेचा बचाव’ म्हणा. तो मान्य झाला तरी माणूस लगेच घरी जातोच असं नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचा आदेश देऊ शकतं.

उपसंपादक:
‘ॲलिबी’ला मराठीत काय म्हणावं? ‘अन्यत्र उपस्थिती’ कुणी वाचत नाही.

फौजदारी वकील:
‘घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो असा बचाव.’ लांब आहे, पण कळतं. मात्र तो वरच्या अपवादांच्या रांगेत बसवू नका. अपवादात ‘केलं, पण गुन्हा नाही’ असं म्हणणं असतं. इथं ‘मी केलंच नाही’ असं आहे. दोन्ही एका दमात सांगणारा आरोपी वकिलाला घाम फोडतो.

दुसरीकडे असल्याचा पुरावा आरोपीनं द्यायचा असतो, अपवादात बसतो हेही त्यालाच दाखवावं लागतं. पण अपवादाची कसोटी सौम्य असते: आरोपीचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त दिसली की पुरे. ‘निःसंशय सिद्ध करणे’ हे ओझं सरकारपक्षाचं. दुसरीकडे असल्याचं पटवता आलं नाही म्हणून आरोपी आपोआप दोषी ठरत नाही. सरकारपक्षाला आपला पुरावा द्यावाच लागतो.

कायद्याचा विद्यार्थी:
‘संशयाचा फायदा देऊन सोडले’ म्हणजे अर्धवट निर्दोष ना?

फौजदारी वकील:
अर्धवट निर्दोष असा प्रकार फौजदारी निकालात नाही. दोषमुक्ती ती दोषमुक्ती. ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ हा शब्दप्रयोगही फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत नाही. तो पोलीस भरती, खातेनिहाय चौकशी अशा नोकरीच्या वादांत येतो. तिथं त्यानं फरक पडतो, म्हणून निकालपत्रात असेल तेव्हाच वापरा. ‘फायदा’ या शब्दानं मात्र घोटाळा केलाय खरा. कोर्टानं उदार होऊन पदरचं काही दिलं असं वाटतं.

उपसंपादक:
आणि ‘आरोपमुक्त’?

फौजदारी वकील:
तो आधीचा टप्पा. खटला चालवायला पुरेसा आधारच नाही म्हणून आरोप निश्चित होण्यापूर्वी सोडणं. जुन्या भाषांतरांत ‘विनादोषारोप सोडणे’ असंही दिसेल. साक्षीपुरावे होऊन सुटला तर ‘दोषमुक्त’ किंवा ‘निर्दोष मुक्तता’. जामिनावर बाहेर आला तर त्याच्यावरचा आरोप जागच्या जागी आहे. या तिन्हींना ‘सुटका’ म्हणण्याची पद्धत मात्र मोडायला हवी.

उपसंपादक:
उद्याच्या पानावर ‘तिघांची सुटका’ असं शीर्षक लागलंय. आत वाचलं तर दोघं जामिनावर, एक आरोपमुक्त. बदलून घेते.