पावणेतीन वर्षांच्या मुलीसाठी बाग सुचवा (पुणे)

चिंगीची आई:
आमच्या गल्लीतल्या बागेत सगळी खेळणी मोठ्या पोरांची. घसरगुंडीच्या शिडीच्या दोन पायऱ्यांत एवढं अंतर, की चिंगीचा पाय पोचत नाही. खाली पेव्हर ब्लॉक. झोक्याची एक साखळी तर तारेनं बांधलीय! डेक्कनच्या आसपास काही बरं आहे का? मला संध्याकाळीच जमतं.

सदाशिवपेठी आजोबा:
सारसबागेशेजारी पेशवे पार्क. तिथली फुलराणी, म्हणजे मुलांची छोटी आगगाडी, १९५६ साली सुरू झाली. आधी माझा मुलगा बसला, मग नात. रविवारी जाऊ नका, निम्मं पुणं तिथेच असतं. आणि गाडी चालू आहे ना, ते विचारून निघा. नाहीतर पोरगी भोकाड पसरेल.

खडूस काका:
जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग जवळ पडेल, मेट्रो स्टेशनही लागूनच आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या घसरगुंडीला आधी स्वतःचा तळहात लावून बघायचा. ऊन उतरलं तरी पत्रा तापलेलाच असतो.
पण गल्लीतली बाग सोडू नका हो. रोज डेक्कन कोण गाठणार? त्या तारेचा फोटो काढा, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अर्जात 'दुरुस्ती करा' एवढंच नको, खाली वाळू किंवा रबरी मॅट टाका असं स्पष्ट लिहा.

चिंगीची आई:
काका, अर्ज उद्याच देते. आजोबा, फुलराणीत मांडीवर घेऊन बसू देतात का?