जिबूती नक्की आहे कुठे?

वास्कोकर: भाचा शिपवर आहे, काल मेसेज आला की जहाज जिबूतीला लागतंय, घरात कुणाला हा देश ठाऊकच नाही. तिथे सगळ्यांचे लष्करी तळ आहेत म्हणे, कशाला?

दोनापावला_७: पूर्व आफ्रिकेत, तांबडा समुद्र आणि एडनचं आखात जिथे जुळतात ना, त्या बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या तोंडावरच. सुएझची जहाजं तिथूनच जातात त्यामुळे सगळ्यांना तिथे पाय रोवायचाय. फ्रेंच तर आधीपासूनच, १९७७ पर्यंत त्यांचीच वसाहत होती, मग अमेरिका, जपान, इटली, २०१७ला चीनसुद्धा. अमेरिका आणि चीन शेजारी-शेजारी आणि भाडं जिबूतीला, मस्त धंदा!

म्हापशेकर: आकार आपल्या गोव्याच्या सहापट पण पिकत काही नाही, पाऊसच नाही तर काय पिकणार. सगळी मदार बंदरावर. १९९३ला एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्र गेला, आता त्यांचा बहुतेक माल इथूनच जातो-येतो, अदिस अबाबापर्यंत रेल्वे पण आहे.

कुडचडेकर: २०१५ला येमेनमधून आपल्या लोकांना काढलं तेव्हा नेव्ही त्यांना जिबूतीलाच आणत होती, तिथून विमानाने घरी. आणि भाच्याला सांगा, उन्हाळ्यात पारा ४०च्या वर असतो, पाणी पीत राहा.